ग्राफीनचं मेम्ब्रेन घेण्याआधी आपलं पाणी ओळखा

निळंशार पाणी एका करड्या चकतीवर ओतलं आणि खाली काचेत पारदर्शक थेंब पडू लागले, असा व्हिडिओ एव्हाना तुमच्यापर्यंत पोहोचला असेल. त्यापाठोपाठ एखादा विक्रेताही आला असेल. अंबरनाथच्या आनंदनगर किंवा मोरिवली एमआयडीसीत रंगाशी संबंधित काम करणारे, बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे कारखानदार आणि उल्हासनगर परिसरात जीन्स धुणारे-रंगवणारे युनिटवाले यांच्यासाठी हा लेख आहे. ग्राफीनचं तंत्रज्ञान खोटं नाही. मात्र ते तुमच्या पाण्यावर चालेल का, हे ठरवायला चकतीपेक्षा तुमच्या पाण्याची माहिती जास्त लागते.

हा विषय या पट्ट्यात केवळ कुतूहलाचा नाही. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून निघते, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. एवढ्याशा लांबीच्या नदीने आपल्या सगळ्यांचे रंग पाहिले आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात या नदीत टँकरमधून रासायनिक सांडपाणी सोडलं गेलं आणि विषारी वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला, पुढे तो सर्वोच्च न्यायालयातही गेला आणि त्या कारवाईत जीन्स वॉशची शेकडो युनिट्स बंद झाली. ज्यांचं पोट त्या युनिटवर होतं ते कामगार आणि ज्यांच्या दाराशी ते पाणी वाहत होतं ते रहिवासी, दोघंही याच गावचे. म्हणून पाणी खरोखर स्वच्छ करणारं कुठलंही साधन इथे तपासून, समजून घेतलं गेलं पाहिजे.

आधी चकतीबद्दल. ग्राफाइटचा एकच अणूइतका जाड थर म्हणजे ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी तो वेगळा करून दाखवला. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पाणी गाळायला मात्र बहुतेक वेळा शुद्ध ग्राफीन वापरत नाहीत, ग्राफीन ऑक्साइड वापरतात. ग्राफाइटवर तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटची क्रिया करून ते तयार होतं आणि पाण्यात छान पसरतं. हे पाणी बारीक छिद्रांच्या आधारावर ओढून घेतलं की पातळ पत्रे एकावर एक बसतात, खारीच्या पापुद्र्यांसारखे. पाणी या पापुद्र्यांमधल्या फटींतून वाट काढतं. २०१२ मध्ये मँचेस्टरच्याच राहुल नायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेलियमसारखा वायूही अडवणाऱ्या या थरातून पाण्याची वाफ जवळजवळ विनाअडथळा निघून जाते. तिथून जगभर या मेम्ब्रेनवर संशोधन सुरू झालं.

फटीचं माप लक्षात ठेवण्यासारखं आहे. कोरड्या अवस्थेत दोन थरांमधलं अंतर सुमारे ०.८ नॅनोमीटर असतं. पाण्यात भिजल्यावर ते फुगून सुमारे १.३ होतं. त्यातून पत्र्याची स्वतःची जाडी वजा केली की मोकळी वाट एक नॅनोमीटरच्या आसपास उरते. मिठातला सोडियमचा आयन त्याच्या भोवतीच्या पाण्यासकट यापेक्षा लहान असतो, म्हणून तो बऱ्याच अंशी पार होतो. रंगाचे मोठे रेणू अडकतात. शिवाय ग्राफीन ऑक्साइडवर ऋण भार असतो आणि रिॲक्टिव्ह, डायरेक्ट, ॲसिड या वर्गांतल्या बहुतेक रंगांवरही ऋण भार असतो, त्यामुळे ते मागे लोटले जातात. रंग अडवायचा आणि मीठ सोडायचं, हीच या मेम्ब्रेनची खरी उपयुक्त जागा आहे. ते का, हे पुढे येईलच.

आता तुमच्या पाण्याकडे या. ‘रंगीत पाणी’ असा एकच प्रकार नसतो आणि इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात.

जीन्स धुण्याच्या पाण्यातला निळा रंग इंडिगोचा. इंडिगोचा रेणू लहान, रेणुभार फक्त २६२. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा सर्रास वापरला जाणारा काळा रंग जवळपास ९९२ चा. रेणूचं माप पाहून कुणीही म्हणेल की इंडिगो अडवणं अवघड. प्रत्यक्षात उलटं आहे. इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. हायड्रो आणि कॉस्टिक घालून त्याला तात्पुरतं विरघळवतात तेव्हा तो धाग्यात शिरतो, आणि हवा लागली की पुन्हा न विरघळणारा होतो. स्टोन वॉश किंवा एन्झाइम वॉशमध्ये सुटणारा इंडिगो हा बारीक कणांच्या रूपात तरंगत असतो, सोबत सुताचा भुगा, प्यूमिस दगडाची भुकटी आणि डिसायझिंगमध्ये निघालेली खळ. या कणांना फेरस, फटकडी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आणि थोडं पॉलिइलेक्ट्रोलाइट घालून नीट बसवलं तर निळा रंग बहुतांशी गाळात जातो. त्यावर ग्राफीनची चकती लावणं म्हणजे महागडी वस्तू भुग्याने बुजवणं. तुमचं युनिट फक्त इंडिगो धूत असेल तर या लेखातला ‘मेम्ब्रेन’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा आणि जार टेस्ट करून घ्या: पाच-सहा ग्लासांत वेगवेगळी मात्रा घालून कुठे पाणी सर्वांत लवकर निवळतं ते पाहणं. इतकी स्वस्त आणि इतका फायदा देणारी चाचणी दुसरी नाही.

टिंटिंग किंवा ओव्हरडाय करत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे रिॲक्टिव्ह किंवा डायरेक्ट रंग येतात आणि ते पाण्यात पूर्ण विरघळलेले असतात. रिॲक्टिव्ह रंगाचा सगळा भाग कापडाला लागत नाही. काही भाग पाण्याशीच क्रिया करून निकामी होतो आणि गटाराच्या वाटेला लागतो. फटकडी त्याला अर्धवटच पकडते, जिवाणूंची टाकीही सहज मोडू शकत नाही. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम रंग असला तरी डोळ्यांना दिसतो, म्हणून ‘सगळं केलं तरी रंग जात नाही’ ही तक्रार बहुतेक याच पाण्याची असते. ग्राफीन ऑक्साइडचं मेम्ब्रेन, किंवा कोणतंही नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेन, इथे कामाचं.

तिसरा प्रकार सल्फर ब्लॅकचा, आणि इथे थोडं थांबून वाचा. या रंगासोबत सोडियम सल्फाइड असतं. अशा पाण्यात आम्ल पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. त्याचा सडक्या अंड्यांचा वास सुरुवातीला येतो, मात्रा वाढली की नाकच बधिर होतं आणि वास नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. टाकीत उतरलेल्या कामगारांचे जीव याने गेले आहेत. सल्फर रंगाचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. पीएच खाली आणण्याआधी अल्कली अवस्थेतच हायड्रोजन पेरॉक्साइडने किंवा हवा मारून सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करा, किंवा फेरसने ते बसवा. सल्फाइड संपल्याची खात्री झाल्यावरच आम्ल. बंद टाकीत कुणालाही वायू मोजल्याशिवाय आणि बाहेर मदतीला माणूस उभा केल्याशिवाय उतरवू नका. मेम्ब्रेनचा विचार यानंतर कितीतरी टप्प्यांनी येतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे पाण्याच्या वाटा वेगळ्या करणं. डाय बाथचं उरलेलं पाणी, पहिलं खंगाळणं, नंतरची खंगाळणी, ब्लीचचं पाणी, परमँगनेटच्या (पीपी) स्प्रेनंतरचं पाणी. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. निदान एक आठवडा प्रत्येक वाटेचं पाणी किती लिटर निघतं, त्याचं तापमान, पीएच आणि टीडीएस किती, हे वहीत लिहा. पीएच आणि टीडीएसचे हातातले मीटर महाग नसतात. सीओडी, सल्फाइड आणि रंगाचं माप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्या. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक, सीओडी २५०, बीओडी ३० आणि सल्फाइड २ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. तुमच्या संमतिपत्रात याहून कडक अट असेल तर तीच तुम्हाला लागू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ते पत्र फाइलमधून काढून समोर ठेवा आणि विक्रेत्याशी त्यातल्या आकड्यांवरच बोला.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला की पाणी तुमचं असू द्या. बाटलीत घोळून आणलेला मिथिलीन ब्लू नको. का ते सांगतो. मिथिलीन ब्लू धन भाराचा रंग आहे आणि ग्राफीन ऑक्साइड ऋण भाराचं. दोघं एकमेकांना चिकटतात. खाली स्वच्छ पाणी पडतं ते मेम्ब्रेनने अडवल्यामुळे की रंग चकतीला चिकटल्यामुळे, हे डोळ्यांना कळत नाही. चिकटण्याची जागा संपली की रंग खाली उतरू लागतो. थोडं पाणी गाळून थांबलेला प्रयोग हे कधीच उघड करत नाही.

ते उघड करायचा सोपा हिशेब असा. समजा एक लिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम रंग होता. ८०० मिलिलिटर खाली गेलं आणि त्यात रंग लिटरला एक मिलिग्रॅम निघाला, म्हणजे खाली गेलेला रंग फक्त ०.८ मिलिग्रॅम. मग वर उरलेल्या २०० मिलिलिटरमध्ये ४९.२ मिलिग्रॅम असला पाहिजे, म्हणजे लिटरला २४६. तिथे १०० च निघाला तर २० मिलिग्रॅमचा हिशेब लागला आणि उरलेला २९ मिलिग्रॅम मेम्ब्रेनला चिकटून बसला. असं मेम्ब्रेन काही तासांनी रंग सोडेल किंवा बुजेल. वर उरलेल्या पाण्याचा रंग मोजायला नकार देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

दुसरी मागणी, चाचणी मिठाच्या पाण्यावर करण्याची. रिॲक्टिव्ह रंगाईत लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट घालतात आणि सोडा ॲशमुळे पीएच ११ च्या आसपास असतो. इतक्या मिठात मेम्ब्रेनवरचा भार झाकला जातो आणि रंगाला मागे लोटण्याची ताकद घटते. अल्कलीत ग्राफीन ऑक्साइडचे पत्रे एकमेकांपासून सुटू पाहतात. खरं तर साध्या पाण्यातही हा थर विरघळायला हवा, कारण सगळे पत्रे ऋण भाराचे. तरी प्रयोगशाळेत तो टिकताना दिसे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी कारण शोधलं: ज्या ॲल्युमिनाच्या गाळणीवर थर बनवत, तिच्यातून सुटलेले ॲल्युमिनियमचे आयन पत्र्यांना एकमेकांशी बांधत होते. म्हणून विक्रेत्याला नेमकं विचारा की थर कशाने बांधला आहे, पीएच ११ ला तो किती तास ठेवून पाहिला आहे, आणि त्यानंतर रंग अडवण्याचं प्रमाण किती राहिलं. ब्लीचमधला मोकळा क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोहोचू देऊ नका, आधी बायसल्फाइटने मारा. नेहमीच्या पॉलिअमाइड मेम्ब्रेनला तर लिटरला ०.१ मिलिग्रॅम क्लोरीनही फार काळ सोसत नाही. गरम पाण्याचंही तेच. बाजारातल्या बहुतेक गुंडाळी-मेम्ब्रेनची मर्यादा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत असते आणि आपला डाय बाथ ६० किंवा ८० अंशांवर रिकामा होतो.

आता चकती ते कारखाना हे अंतर मोजू. समजा तुमचं विरघळलेल्या रंगाचं पाणी दिवसाला १०,००० लिटर आहे, त्यातलं ८० टक्के स्वच्छ करून घ्यायचं आहे आणि यंत्रणा दहा तास चालेल. म्हणजे तासाला ८०० लिटर. खऱ्या सांडपाण्यावर एका चौरस मीटरमधून तासाला १५ लिटर पाणी निघेल असं धरलं तर सुमारे ५३ चौरस मीटर मेम्ब्रेन लागेल. प्रयोगशाळेतली नेहमीची चकती ४७ मिलिमीटर व्यासाची; अशा तीस हजारांहून जास्त चकत्या. याउलट चार इंची एका साध्या एलिमेंटमध्ये पावणेआठ-आठ चौरस मीटर मेम्ब्रेन गुंडाळलेलं असतं, म्हणजे सातेक एलिमेंट पुरतात. इतक्या क्षेत्रफळावर नॅनोमीटरच्या मापाचा थर एकही भेग न पडता बसवणं, हे ग्राफीन मेम्ब्रेनपुढचं सर्वांत कठीण काम आहे. म्हणून एलिमेंट स्वरूपात माल आहे का, आणि तो आपल्यासारख्या पाण्यावर कुठे महिनोन्महिने चालू आहे का, ते जाऊन बघा. नसेल तर विक्रेत्याला तुमच्याकडे छोटा पायलट चालवू द्या आणि त्याच पाण्यावर बाजारातलं साधं नॅनोफिल्ट्रेशन एलिमेंटही शेजारी लावा. ग्राफीनवाला त्याच्याहून सरस ठरला तरच जास्त पैसे. माझं स्पष्ट मत असं की आज आपल्या भागातल्या बहुतेक छोट्या युनिट्सनी सुरुवात साध्या नॅनोफिल्ट्रेशननेच करावी.

मेम्ब्रेन कोणतंही असो, त्याच्याआधीची तयारी तीच: जाळी, इक्वलायझेशन टाकी, गाळ बसवणं, जिवाणूंची प्रक्रिया, वाळूची गाळणी, जमल्यास अल्ट्राफिल्ट्रेशन. मेम्ब्रेनवर जाणाऱ्या पाण्याचा सिल्ट डेन्सिटी इंडेक्स पाचच्या खाली असावा, तीनच्या खाली असेल तर उत्तम. ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) नीट चालत नाही म्हणून मेम्ब्रेन घेतलं, असं ज्यांनी केलं त्यांची मेम्ब्रेन काही आठवड्यांत भंगारात जातात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न रिजेक्टचा, म्हणजे मेम्ब्रेनच्या वर उरलेल्या दाट पाण्याचा आहे. मेम्ब्रेन रंग नष्ट करत नाही, गोळा करतं. वरच्या उदाहरणात ८,००० लिटर स्वच्छ झालं तर उरलेल्या २,००० लिटरमध्ये रंग पाचपट दाट झाला. तो कुठे जाणार, याचं उत्तर कागदावर आल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. रात्री नाल्यात सोडलेला रिजेक्ट हा मूळ पाण्याइतकाच रंग नदीला देतो. तो ओझोन किंवा फेंटन प्रक्रियेने मोडता येतो, बाष्पीभवनाने आटवता येतो. उरलेला घन भाग आणि ईटीपीचा रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार तळोज्यासारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवावा लागतो, आणि त्याच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

मीठ पार होऊ देणाऱ्या मेम्ब्रेनचं मोल इथे कळतं. आरओ मीठही अडवतो. लिटरला ६० ग्रॅम मिठाच्या पाण्याचा परासरण दाब ५० बारच्या घरात असतो, त्याहून जास्त दाब द्यायचा म्हणजे विजेचं बिल आणि मजबूत पंप. शिवाय रिजेक्टमध्ये रंग आणि मीठ एकत्र येतात आणि ते कुणालाच नको असतं. नॅनोफिल्ट्रेशन किंवा ग्राफीन ऑक्साइडने रंग तेवढा मागे ठेवला तर खाली रंगहीन मिठाचं पाणी मिळतं, जे पुढच्या डाय बाथला परत वापरता येतं. तमिळनाडूतल्या तिरुपूरने हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगाई युनिट्स बंद झाली. पुढे सामायिक केंद्रांमध्ये आरओ, बाष्पीभवन आणि मिठाच्या पाण्याचा पुनर्वापर उभा राहिला तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. एकट्या युनिटला हे परवडत नाही. पाच-सात शेजाऱ्यांनी मिळून रिजेक्टची एक सामायिक व्यवस्था उभी करायला हवी, आणि आपल्याकडे संघटनांनी हा विषय हातात घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

कल्याणचं बिर्ला किंवा उल्हासनगरचं सी.एच.एम. अशा महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना यात प्रकल्पाला भरपूर वाव आहे. फक्त ग्राफीन ऑक्साइड घरी किंवा युनिटच्या कोपऱ्यात बनवू नका. तीव्र गंधकाम्लात परमँगनेट पडलं की स्फोटक मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं. तापमान हाताबाहेर गेलं की भांडं फुटतं. तयार विद्राव विकत मिळतो, तो घ्या. मिथिलीन ब्लूवरचे निबंध हजारो आहेत. तुम्ही जवळच्या युनिटचं खरं खंगाळणीचं पाणी मालकाच्या परवानगीने आणा, त्यात मीठ किती, पीएच किती ते लिहा, चकती सलग दिवसभर चालवा आणि वर दिलेला रंगाचा हिशेब मांडा. मुंबईचं रसायन तंत्रज्ञान संस्थान फार दूर नाही. रंगरसायनाचं शिक्षण तिथे १९३३ पासून चालू असलेल्या परंपरेचा भाग आहे. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था मेम्ब्रेनवरही काम करते. दोन्हीकडे लिहून विचारायला संकोच करू नका.

ऑर्डर देण्यापर्यंत आलात तर करारात चार गोष्टी शब्दांत उतरवा. तुमच्याच पाण्यावर, तुमच्याच मिठात आणि पीएचला रंग किती टक्के अडला पाहिजे. धुलाईनंतर पाण्याचा वेग मूळच्या किती टक्के परत आला पाहिजे. एलिमेंट किती महिन्यांत बदललं तर खर्च कुणाचा. आणि वापरून झालेलं ग्राफीनचं मेम्ब्रेन परत कोण नेणार. पैशांचा शेवटचा हप्ता यंत्र बसल्यावर देऊ नका. पावसाळा आणि हिवाळा असे दोन्ही हंगाम यंत्र चालू राहिल्यावर, त्या काळातले प्रयोगशाळेचे अहवाल हातात घेऊन द्या.